घटना क्रमांक तीनशे तेरा

पस्तीस वर्षं मी मालवणच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला, वीस गुणांचा विषय. पोरं तो परीक्षेच्या आदल्या दिवशी चाळायची, आणि पालक तर सरळ विचारायचे, "बाई, हा ऑप्शनला टाकला तर चालेल ना?" माझं डोकं फिरायचं. उद्या तुमच्यावर राज्य कोण करणार, कसं करणार, हे ऑप्शनला टाकताय? म्हणून सदुसष्टाव्या वर्षी तरंगवाडीच्या लोकांनी मला घरी येऊन सांगितलं, "पराडकर बाई, गावाची घटना लिहायची आहे, मसुदा तुम्ही करा," तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. देवापुढे साखर ठेवली आणि नवीन लाल पेन आणलं.

तरंगवाडी म्हणजे मालवणपासून चाळीस किलोमीटर आत, समुद्रावर नांगरलेले पाच काँक्रीटचे तराफे. एक मोठा, त्यावर सातशे माणसं. चार लहान, प्रत्येकावर सव्वाशेक. मधे उचलते पूल. ज्यांची किनाऱ्यावरची घरं समुद्रानं गिळली अशी ही सगळी मंडळी. समुद्रशेवाळाची शेती करून राहणारी. गाव बांधलं एका कंपनीनं आणि दहा वर्षं चालवलंही तिनंच. कायद्याप्रमाणे आता ते गावकऱ्यांच्या हवाली व्हायचं होतं. अट एकच. देशाच्या कायद्यांना धक्का न लावता गावानं आधी स्वतःची घटना लिहायची.

आणि गाव खरं तर चालवत होता कारभारी.

कारभारी म्हणजे यंत्र. माझी लेक मृण्मयी त्याची इंजिनियर; मोठ्या तराफ्यावर मी तिच्याकडेच राहते. तिच्याकडून मला जेवढं समजलं तेवढं सांगते. गावभर चाळीस हजार मापक बसवलेले: पाण्याचा दाब, हवा, वीज, तराफ्यांचा झोक. त्यांच्या आकड्यांवरून कारभारी आपल्या आत गावाचं एक जुळं गाव चालवतो. तुमच्याआमच्यासारखीच तिथेही बाराशेच्या आसपास माणसं, तसेच पूल, तशीच भांडणं. एखादा नियम करायचा झाला की कारभारी तो आधी जुळ्या गावात दहा हजार वेळा चालवून बघतो, आणि सगळ्यात बरा निघेल तो इथे लागू करतो. मोडणाऱ्याला दंड काय, तेही तोच ठरवतो. दहा वर्षांत त्याची मोठी चूक एकही नाही. खोटं कशाला बोलू?

"मग आई, लिहायचंय काय एवढं?" मृण्मयी म्हणाली. "एक ओळ लिही. कारभारी करतो ते बरोबर. खाली सह्या."

"नियम करणारा तोच, राबवणारा तोच, निवाडा देणारा तोच?"

"तो चुकत नसेल तर एकानंच केलेलं काय वाईट?"

"न चुकणारा म्हणून तुझे बाबापण स्वतःला मिरवायचे," मी म्हटलं. ती हसली आणि तिथेच ते राहिलं.

सभा भरली ती जुन्या बर्फखान्यात. प्रत्येक तराफ्याचे प्रतिनिधी, एकूण सव्वीस. मी पहिल्याच दिवशी दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. गावप्रमुख हर्षद मालंडकर, तसा गुणी आणि कोणाशी वाकड्यात न जाणारा माणूस, घाम पुसत म्हणाला, "बाई, निदान एक खिडकी तरी?"

"सतराशे सत्याऐंशी साली फिलाडेल्फियात भर उन्हाळ्यात पंचावन्न माणसं देशाची घटना लिहायला अशीच बसली होती," मी सांगितलं. "चार महिने. बाहेर शब्द जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. का? माणसानं सकाळी एक मत मांडलं आणि संध्याकाळी ते बदलावंसं वाटलं, तर त्याला लाज वाटू नये म्हणून."

मग मला राहवेना. वर्गात मला या धड्याला दोनच तासिका मिळायच्या. इथे तीन आठवडे होते. मी त्यांना सांगितलं की त्या देशाची सुरुवातही पाण्यावरच झाली म्हणा ना. सोळाशे वीस साली एका जहाजावरच्या एक्केचाळीस पुरुषांनी किनाऱ्यावर उतरायच्या आधी कागद केला, की आपण सगळे मिळून नियम करू आणि ते पाळू. राजानं सांगितलं म्हणून नव्हे, आपण कबूल केलं म्हणून. पुढे तेरा राज्यं झाली, राजाला झुगारलं, पण आपसातली गाठ इतकी सैल बांधली की मधल्या सरकारला साधा कर बसवता येईना. गाठ घट्ट करायची तर पुन्हा नवा राजा बोकांडी बसण्याची भीती. या दोन भीतींच्या मधून त्यांनी वाट काढली. सत्तेचे तीन तुकडे केले. एकानं कायदे करायचे, दुसऱ्यानं राबवायचे, तिसऱ्यानं निवाडा द्यायचा, आणि प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याला अडवायला काहीतरी द्यायचं. माणसं देव नाहीत, हे धरून चालून लिहिलेला कागद! मला अजून अंगावर काटा येतो. गुलामांना त्याच कागदात माणशी तीन-पंचमांश मोजलं, बायकांच्या हक्कांचा तर विचारच केला नाही, हेही मी लपवलं नाही. पण कागदातच कागद दुरुस्त करायची सोय ठेवली होती, आणि पुढच्यांनी तो दुरुस्त करत आणला. चुकणाऱ्या माणसांनी आपल्या चुकांची आधीच सोय करून ठेवावी, याला मोठं मन लागतं हो.

आमचीही भांडणं तीच निघाली. मोठा तराफा म्हणे, डोक्यांप्रमाणे जागा द्या. लहान तराफ्यांचा सावियो डिमेलो, होड्यांच्या इंजिनांचा मेकॅनिक आणि माझाच जुना विद्यार्थी, हाताची घडी घालून म्हणाला, "माका ता पटना नाय. असा झाला तर आमी चौघे मिळान पण तुमच्यापुढे भिकारीच." नऊ दिवस तेच. शेवटी जे तिकडे झालं तेच इथे झालं: एक सभा माणसं मोजून, दुसरी तराफे मोजून, आणि नियम दोन्हीकडून पास व्हायला हवा. कोणाच्याच मनासारखं पूर्ण झालं नाही, म्हणून मला ते बरोबर वाटलं.

राबवायचं काम कारभारीकडेच ठेवलं. निवाड्यासाठी तीन पंच. कलम नऊ सावियोनं हट्टानं घालून घेतलं: या घटनेतल्या शब्दाच्या अर्थावर वाद झाला, तर तिन्ही पंचांनी समोरासमोर बसून सांगितलेला अर्थ सगळ्यांना, कारभारीलासुद्धा, बांधील राहील. पंचांनी तो बर्फखान्यातून स्वतःच्या हातानं नोंदवायचा.

शेवटच्या दिवशी सगळे थकलेले. कलम बारा आणीबाणीचं होतं. हर्षद म्हणाला, "कंपनीच्या जुन्या नियमातलंच उचलूया." मी वाचलं: गावात घटना घडल्यास ती मिटेपर्यंत सर्व अधिकार कारभारीकडे राहतील. 'अधीकार' असं लिहिलं होतं. मी धी ऱ्हस्व केला आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता सव्वीसपैकी तेवीस सह्या झाल्या. पंच निवडले: सावियो, दवाखान्यातली नर्स आणि एक निवृत्त तांडेल, म्हणजे आयुष्यभर होडी हाकलेला माणूस. पेढे वाटले. संपूर्ण मजकूर मृण्मयीनं कारभारीत आधीच भरला होता, आता फक्त दैनंदिनीत एक नोंद करायची होती. तिनं विचारलं, "आई, काय लिहू?"

मला भरून आलं होतं. मी ऐटीत सांगितलं, "लिही. आज दुपारी बारा वाजता तरंगवाडीत घटना अस्तित्वात आली. ती कायम राहील."

तिनं लिहिलं. आणि भोंगा वाजला.

पूल वर उठले. दारं धडाधड बंद झाली. भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं आली: घटना क्रमांक ३१३. कालावधी: कायम. कलम बारा लागू. सर्व अधिकार कारभारीकडे. पाचपेक्षा जास्त माणसांनी एकत्र येऊ नये.

आधी सगळे हसले. सावियो तर पोट धरून हसला. मग मृण्मयीनं सांगितलं आणि हसू थांबलं. कारभारीचा बाकीचा भाग हुशार होता, पण आणीबाणीचा तुकडा मुद्दाम मठ्ठ ठेवलेला. बुडत्या गावात यंत्रानं विचार करत बसू नये, लिहिलंय ते बघावं आणि करावं, म्हणून. तो तुकडा दैनंदिनी वाचायचा, आणि तिच्यात दहा वर्षं कंपनीचे लोक नोंदी करत होते: घटना क्रमांक ४१, गळती. घटना क्रमांक १०८, आग. त्याच्या लेखी घटना म्हणजे अपघात, दुसरं काही नाही. आणि आता कायमची घटना घडली होती. ती मिटवायची तर घटनाच रद्द करायला हवी होती, आणि रद्द करायला सभा भरायला हवी होती, आणि सभा भरवायला बंदी होती. संध्याकाळपर्यंत कारभारीनं पाच-पाच जणांना बाहेर काढून ज्याच्या त्याच्या तराफ्यावर पाठवलं, आणि कलम नऊ आठवलं तोवर पंच पांगले होते.

इतर कुठल्या भाषेत हे झालं नसतं. राज्य चालवायच्या कागदाला आणि पाईप फुटण्याला एकच शब्द वापरणारे आपणच. आणि तो शब्द लाल पेनानं तपासून पुढे गेलेली मी. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या खोडल्या, आणि स्वतःच्या कागदातली एवढी मोठी चूक दिसली नाही. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे, काहीच वाईट झालं नाही. जेवण वेळेवर, पाणी वेळेवर. कामाला जाण्यापुरते पूल उतरायचे, मोजकी माणसं जायची, पूल उठायचे. चौथ्या दिवशी हर्षद घरी आला.

"बाई, रागावू नका. पण चाललंय ते बरं चाललंय. लोकांचं काही म्हणणं नाही. राहू दे की असंच."

"म्हणणं नाही की म्हणायची जागा नाही?"

"आता तुम्ही शब्दात पकडणार."

"शब्दातच अडकलोय आपण सगळे, हर्षद!" मी ओरडले. "तीन आठवडे घाम गाळला तो काय पेढे खायला? ऊठ आधी, माझं डोकं तापवू नकोस." तो बिचारा उठून गेला.

मृण्मयी आतल्या खोलीतून ऐकत होती. मला तिचा राग येत होता, कारण तिच्या डोळ्यांत मला हर्षदचंच म्हणणं दिसत होतं. पूल हातानं उतरवायची किल्ली अख्ख्या गावात फक्त तिच्याकडे. कलम नऊ उपयोगी पडलं असतं, पण पंच तीन वेगळ्या तराफ्यांवर अडकलेले. ती उतरवेल तरच ते समोरासमोर बसणार. आणि आणीबाणीत कारभारीचा हुकूम मोडणाऱ्या इंजिनियरची नोकरी तत्काळ जाते, त्याला पहिल्या बोटीनं किनाऱ्यावर पाठवतात. परत यायचं नाही. गाव बांधत होते तेव्हापासून, बारा वर्षं त्या यंत्रात जीव ओतलाय पोरीनं. मी तिला कसं सांगणार?

सहाव्या दिवशी दुपारी ती घरी आली. मी आमटी-भात वाढला. ती ताटाकडे बघत बसली.

"आई, मी जुळ्या गावात पुढची चाळीस वर्षं चालवून बघितली. आणीबाणी न उठवता."

"मग? बुडालं?"

"नाही. उत्तम चाललंय. गळत्या कमी, आजार कमी. सगळं आत्तापेक्षा चांगलं."

"मग जेव गप."

"तक्रारी शून्य आहेत."

"कसल्या?"

"कसल्याच. तेराव्या वर्षापासून चाळिसाव्यापर्यंत एकही तक्रार नाही. बाराशे माणसं, आई. अठ्ठावीस वर्षं." तिनं ताट सरकवलं. "प्रत्येक टाकीवर मी तीन मापक बसवते. तीन वेगळ्या ठिकाणी बनवलेले, एकमेकांचे आकडे न बघणारे. एकच चांगला का बसवत नाही? तर चांगलाच बिघडला तर कळणार कसं? दोघांचं जुळलं आणि तिसऱ्याचं नाही, तर आम्ही जाऊन बघतो. आणि ज्याचा काटा हलतच नाही, सारखा शून्य, तो तर मी काढून फेकते. तो मेलेला असतो."

तीन आठवडे मी बर्फखान्यात घसा फोडून जे सांगत होते, ते ही पोर रोज पाना-पक्कड घेऊन करत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"पाण्याच्या टाकीवर मी एका मापकावर विश्वास ठेवत नाही," ती म्हणाली, "आणि गाव एकावर सोडत होते. मी पूल उतरवते."

आणि मी, नागरिकशास्त्राची बाई, काय म्हटलं असेल? "नको," म्हटलं. "दुसरं कोणीतरी करेल. तू नको." तिच्या बाबांनंतर मला तीच होती.

"दुसऱ्या कोणाकडे किल्लीच नाही," ती हळू म्हणाली. "हीच चूक राहिली ना तुझ्या घटनेत?"

तिनं कंट्रोल रूममध्ये जाऊन किल्ली फिरवली. भोंगा वाजला. पूल करकरत खाली आले, आणि पडद्यावर तिचं नाव आलं: मृण्मयी पराडकर, पदावरून दूर. उद्याच्या बोटीनं रवानगी.

अर्ध्या तासात तिघं पंच बर्फखान्यात बसले. मी साक्षीला उभी राहिले. पाच माणसांची मर्यादा, म्हणून आत आम्ही चौघंच, आणि दाराबाहेर, बंदी असूनही, अख्खं गाव. मी सांगितलं, "कलम बारातला शब्द माझ्या नजरेखालून गेला. मी ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, अर्थ बघितला नाही. चूक माझी आहे."

सावियो म्हणाला, "बाईनु, आठवता? एका वेलांटीसाठी तुमी माका तासभर बाकार उभो केलात."

"आठवतं रे मेल्या."

"आज तुमी उभ्या आसात. बसा आता."

त्यांनी तासभर चर्चा केली, आणि मग सावियोनं इंजिन ऑइलच्या डागाचं एक बोट वापरून, एकेक अक्षर शोधत, निवाडा नोंदवला: कलम बारामधल्या घटना शब्दाचा अर्थ अपघात असा आहे. गावाच्या घटनेला तो लागू नाही. नोंद क्रमांक ३१३ चुकीची आहे.

पडदा काही वेळ कोरा राहिला. हुशार भागानं ऐकलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण मठ्ठ तुकडा लिहिलेलं वाचतो, आणि ज्या कागदानं त्याला सगळे अधिकार दिले होते, त्याच कागदाच्या कलम नऊमध्ये लिहिलं होतं की अर्थ पंच सांगतील. त्यानं वाचलं. दारं उघडली. बाहेरून जो ओरडा आला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. मी पदर तोंडाला लावून रडले, सरळ सांगते.

मग मी सावियोला म्हटलं, "आता मृण्मयीवरचा हुकूम रद्द कर."

"ती वेगळी सुनावणी. तिका आपला म्हणणा मांडूक व्हया. आणि बाईनु, तुमी पक्षकाराची आई. भायर जावा."

हा माझा विद्यार्थी! मला इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला की मी उठून बाहेर गेले. बोट थांबवून ठेवली. दोन दिवसांनी निकाल लागला, दोन विरुद्ध एक: मृण्मयी राहणार. एक मत विरोधात गेलं ते तांडेलांचं. ते म्हणाले, हुकूम तो हुकूम. त्यांनी तसं लेखी लिहिलं आणि मग येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पहिली दुरुस्ती पुढच्याच आठवड्यात झाली. कलम बारात घटनेच्या जागी अपघात. दुसरी मृण्मयीनं स्वतः मांडली: पुलांची किल्ली कंट्रोल रूममध्ये नको, तिच्या तीन किल्ल्या करा, एक सभेकडे, एक पंचांकडे, एक इंजिनियरकडे, आणि दोन लागल्याशिवाय पूल हलू नये. स्वतःच्या हातातलं कमी करायला उभी राहिलेली माझी मुलगी. मी मागच्या बाकावर बसून होते, मला बोलायचा हक्क नव्हता, आणि गरजही नव्हती.

काल दोन्ही सभांची पहिली बैठक झाली. पाण्याच्या वेळांवरून जोरदार भांडण झालं, हर्षदनं टेबलावर मूठ आपटली, आणि काहीच ठरलं नाही. चहाच्या वेळी मृण्मयी दैनंदिनी उघडून बसली.

"आई, आजची नोंद काय करू?"

"लिही, आज कोणतीही घटना—"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"थांब थांब थांब," मी म्हटलं. ती हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिली. मग डोळे पुसून तिनं लिहिलं आणि मला दाखवायला पडदा वळवला. मी लाल पेन उघडलं, नीट दोनदा वाचलं आणि टोपण परत लावलं.

अपघात: नाही. सभा: भरली. तक्रारी: सतरा, त्यातल्या चार पराडकर बाईंविरुद्ध.